बर्फ नव्हे, कण्या

बसथांब्याच्या पत्र्यावर ताडताड आवाज सुरू झाला आणि शेजारच्या बाई म्हणाल्या, "आला बाई एकदाचा बर्फ." बर्फाला आवाज नसतो. कानाझावात जन्मलेल्या माणसाला एवढं तरी कळायला हवं, पण हल्ली कोणी ऐकत नाही आणि वर बघतही नाही. बाईंनी फोन काढला. "बघा, वेधशाळेनंही सांगितलं. आज पहिला बर्फ. गेल्या वर्षीपेक्षा नऊ दिवस आधी." माझ्या कोटाच्या बाहीवर साबुदाण्याएवढे पांढरे दाणे टणाटण उड्या मारत होते. सवयीने मी एक चिमटीत धरला आणि दाबला. त्याचा भुगा झाला. गार असती तर भुगा झाला नसता, बर्फ असता तर त्याने उडी मारली नसती. "हा बर्फ नाही, या कण्या आहेत," मी म्हणालो. बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे. पिशवीत बाजारातून घेतलेले चार मादी खेकडे होते आणि त्यातल्या एकाचा पाय बाहेर आला होता. "वेधशाळाच म्हणते हो, आजोबा," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, जशा त्या घरी सासऱ्यांशी बोलत असतील तशा. "हो," मी म्हणालो. त्याच वेधशाळेत मी अडतीस वर्षं काढली हे सांगितलं नाही. सांगून त्यांच्या डोक्यावर काय वेगळं पडणार होतं?

बस आली. खिडकीजवळ बसलो आणि छत्री गुडघ्यांत धरली. डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस, असं आमच्याकडे शाळेत जाणाऱ्या पोरालाही सांगतात, आणि नोव्हेंबर ते मार्च ते खरंच असतं. समुद्राकडून ढग येतो, काळोख होतो, कण्या पडतात, दहा मिनिटांत ऊन, पुन्हा काळोख. आधी एकदा जोरात गडगडतं. या दिवसांत बुरी मासा किनाऱ्याला येतो, म्हणून म्हातारे कोळी म्हणतात की तो गडगडाट बुरीला जागं करायला आलेला असतो. आज सकाळी गडगडलं तेव्हा मी जागाच होतो. एकाहत्तराव्या वर्षी जागं करावं लागत नाही. माझं काम एवढंच होतं: बाहेर जायचं, वर बघायचं, खाली बघायचं. काळं कापड ताणून बसवलेली एक फळी असायची, तिच्यावर जे पडेल ते ओळखायचं. पाऊस, बर्फ, दोन्ही मिसळलेलं, कण्या, गारा. कणी म्हणजे वेधशाळेच्या भाषेत अरारे, पण आमचा मुलगा तोमो लहान असल्यापासून घरात आम्ही कण्याच म्हणायचो. मग वेळ लिहायची. सुरू किती वाजता, थांबलं किती वाजता. पहाटे लिहायचं, ताप असला तरी लिहायचं. मी निवृत्त झालो आणि थोड्याच वर्षांत डोळ्यांनी बघायचं काम बंद झालं. आता यंत्र हवेची थंडी आणि ओल मोजतं आणि त्यावरून ठरवतं की वरून जे पडतंय ते अमुक असणार. कणीला त्याच्याकडे रकानाच नाही. नियम तसा आहे, त्यात कोणाची चूक नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर शेळी काळी की पांढरी हे कशाला बघायचं. मला राग आला नाही. राग यायला अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं. फक्त एवढं वाटलं की हे नेमकं आजच व्हायला नको होतं, कारण आज तोमो येणार होता.

तोमोयुकी, माझा एकुलता मुलगा, आता सेहेचाळीस वर्षांचा आहे. नागोयाला असतो. दर वर्षी ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला येतो, दोन दिवस राहतो, कबरीवर पाणी घालतो, आईला गुडघ्याच्या पट्ट्या आणतो, माझ्याशी बेसबॉलबद्दल बोलतो. मला बेसबॉलमधलं काही कळत नाही हे त्याला ठाऊक आहे. हिवाळ्यात मात्र तो सत्तावीस वर्षांत एकदाही आलेला नाही. नव्या वर्षाला नाही, माझ्या आईच्या अंत्यविधीलाही नाही. ती जानेवारीत गेली आणि तोमोचा फोन आला की कारखान्यात सुट्टी मिळत नाही. फुमिएने, माझ्या बायकोने, त्यावर काही म्हटलं नाही, आणि मीही म्हटलं नाही, कारण तो का येत नाही हे मला माहीत होतं. गेल्या आठवड्यात तिने त्याला फोन केला. मी वर्तमानपत्र वाचत असल्याचं दाखवत होतो. "हातांनी आता दगा दिला रे," ती म्हणाली. "हे शेवटचं पिंप घातलंय. पुढच्या वर्षी जमायचं नाही. यायचं तर ये, नाहीतर राहू दे." पलीकडून त्याने माझ्याबद्दल विचारलं असावं. मग ती म्हणाली, "हो, आहेत. बरे आहेत. आकाशाकडे बघत असतात. जित्याची खोड."

पिंपाचं असं आहे की थंडी पडली की आमच्याकडे घरोघर सलगम घालतात. जाड चकत्या मिठात ठेवायच्या, मधे चीर देऊन तिच्यात खारवलेल्या बुरीची फोड सारायची, आंबवलेल्या भातात थर लावायचे आणि वर दगड ठेवून दडपायचं. दहा-बारा दिवसांत मुरतं. बाकीची घरं वर्षअखेरीला उघडतात. आमच्या घरी पहिल्या बर्फाला उघडायची रीत पडली, आणि ती पाडली फुमिएने, लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, गमतीने. "घरातच आकाशाचा कारकून आहे," ती म्हणाली होती, "तर मग त्याच्या शब्दाने उघडू." ती गंमत होती. मी तिचा कायदा करून टाकला. दोन वर्षं बर्फ लांबला आणि सलगम आंबटढाण झाले, तरी मी ढिम्म. कण्या कितीही पडल्या तरी त्याने पहिला बर्फ होत नाही, वेधशाळेत नाही तर घरातही नाही. तोमो लहान असताना अंगणात ओंजळ धरून उभा राहायचा आणि विचारायचा, "बाबा, हे काय?" मी म्हणायचो, "दाब." तो दाबायचा. "भुगा झाला." "मग काय?" "कण्या." आणि तो निमूट आत जायचा. मला अभिमान वाटायचा. पाच वर्षांच्या पोराला जिभेवरची चव सोडून बोटांवर विश्वास ठेवायला शिकवलं याचा.

बस पुलावर आली. नदी राखाडी होती, आणि काठावरच्या पाइनच्या झाडांना बर्फाच्या ओझ्याने फांद्या मोडू नयेत म्हणून बांधलेले दोर रिकामेच ताणलेले होते. मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ती संध्याकाळ मला अशीच येते, कुठल्याही पुलावर, न बोलावता. डिसेंबरच होता. तोमो एकोणीस वर्षांचा. हवामानशास्त्राच्या महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षेत तो दुसऱ्यांदा नापास झाला होता. ती त्याला कधी द्यायचीच नव्हती, हे मला नंतर कळलं. कळलं म्हणजे, मी कळू दिलं. त्याने मला न विचारता नागोयातल्या एका कारखान्यात लेथवर काम धरलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघणार होता. मी त्याच्याशी चार दिवस बोललो नव्हतो. ओरडलो असतो तर बरं झालं असतं. मी घरात मिठाची गुळणी धरून वावरत होतो. पाच वाजता कण्या सुरू झाल्या. मी कामाला निघण्यासाठी बूट घालत होतो, तेवढ्यात तो दारात आला. मागे फुमिए हात पुसत उभी होती. तो हसत होता, म्हणजे हसायचा प्रयत्न करत होता. "बाबा, उद्या मी नसणार," तो म्हणाला. "आज बर्फ म्हणा ना." आमच्या घरात एवढी साधी गोष्ट कोणी माझ्याकडे मागितली नव्हती. आणि तो सलगमची फोड मागत नव्हता, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी बुटाची नाडी बांधली. "मी म्हणून बर्फ होत नाही," मी म्हणालो आणि निघालो.

त्या संध्याकाळी वेधशाळेच्या मैदानात मी फळी धरून इतर वेळेपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो. मनातल्या मनात मी त्या ढगाला विनवत होतो की बाबा रे, पाच मिनिटं बर्फ दे, एक पीस दे, मी फोन करतो घरी. काळ्या कापडावर कण्या उड्या मारत राहिल्या. पाच वाजून चाळीस मिनिटं, कण्या, हलक्या. सहा वाजून दोन मिनिटं, थांबल्या. मी तसंच लिहिलं. पाळी संपवून परतलो तेव्हा तोमो वरच्या खोलीत झोपला होता, किंवा झोपल्यासारखा पडला होता. दारात आल्याबरोबर मी फुमिएला विचारलं, "इथे किती वाजता थांबल्या?" ती म्हणाली, "कोण?" पहाटे तो गेला. मी उठून दारापर्यंत गेलो, पण बूट घातले नाहीत. त्यानंतर स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत गेलो तर पिंपावरचा दगड उलटा बसलेला, चपटी बाजू वर. मी तो नीट केला आणि फुमिएवर चिडलो. दगड नीट बसला नाही तर पाणी वर येत नाही, सगळं नासतं, एवढं कळत नाही का. चार दिवसांत मी घरात बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. पहिला बर्फ सहा दिवसांनी पडला. पिंप उघडलं, मी खाल्लं. चांगलं मुरलं होतं.

आणि आता ही बस, हे खेकडे, हा यंत्राने जाहीर केलेला बर्फ. उतरायचा थांबा जवळ येत होता तसा मी थकत चाललो. सरळ हिशेबाने पाहिलं तर काम सोपं होतं. आमच्या घरात वेधशाळेचा शब्द तोच शेवटचा शब्द, असं मीच चाळीसहून अधिक वर्षं म्हणत आलो. वेधशाळा म्हणते बर्फ. उघडा पिंप, वाढा पोराला. पण मग तोमो काय म्हणेल? "मी मागितलं तेव्हा नाही, आणि एका डबड्याने म्हटलं की लगेच हो?" आणि मी म्हटलं की नाही, या कण्याच आहेत, तर तो पाचच्या गाडीने पुन्हा तसाच जाईल, आणि फुमिएचं शेवटचं पिंप खरा बर्फ पडेल तेव्हा आम्ही दोघं म्हातारे समोरासमोर बसून संपवू. मला त्याने खायला हवं होतं. माझ्या समोर, माझ्या शब्दाने, एकदा. बाकी कशाची मला आता हौस राहिलेली नव्हती. बसमधून उतरताना मी ठरवलं की खोटं बोलायचं. आयुष्यात एक खोटी नोंद. ठरवल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

घरी पोचलो तर दारात त्याचे बूट होते, टाचेकडे झिजलेले, माझ्यासारखेच उजव्या बाजूने. तो आधीच्या गाडीने आला होता. स्वयंपाकघरात आईच्या मदतीला उभा होता, म्हणजे ती सांगत होती आणि तो चुकत होता. "अरे, कांदा कापतोयस की लाकूड?" फुमिए म्हणाली. "कारखान्यात कांदा नसतो, आई." "म्हणून तिथे टिकलास." मला पाहून तो वळला. केस कानांजवळ पांढरे झाले होते. ऑगस्टच्या उजेडात ते मला दिसले नव्हते. "आलात? भिजलात की." "कुठे भिजतो," मी म्हणालो आणि बाही झटकली. दोन-तीन दाणे अजून शिल्लक होते, ते फरशीवर उडाले. तिघांनीही ते पाहिलं. मी खेकडे दिले, हात धुतले, जाऊन खाली शेगडी असलेल्या ऊबमेजाच्या पांघरुणात पाय सारून बसलो. तो समोर येऊन बसला. यंदा बेसबॉल कसं झालं ते त्याने सांगितलं. मी मान डोलावली.

जेवायची पानं मांडली तेवढ्यात बाहेर पुन्हा काळोख झाला आणि कौलांवर ताडताड सुरू झालं. तोमोने फोन माझ्याकडे फिरवून पुढे सरकवला. "बातमी आलीय. आज पहिला बर्फ," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काही नव्हतं, टोमणा नाही, आशा नाही. फुमिए पडवीच्या दारात उभी राहिली. बोटं वाकडी झाल्यापासून ती हात पोटाशी धरून उभी राहते. "अहो, काय म्हणता?" तिने विचारलं. चाळीसहून अधिक वर्षं ती हे असंच विचारत आली. मी उठलो. अंगणात गेलो, जुनी फळी भिंतीला टेकवलेली होती, ती हातात घेतली. खरं म्हणजे त्याची गरज नव्हती, कानांना कळतच होतं, पण न बघता खोटं बोलायचीही मला सवय नाही. काळ्या कापडावर कण्या नाचत होत्या, गोल, पांढऱ्या, अगदी पुस्तकात असाव्यात तशा. मी एकही दाबली नाही. आत आलो आणि उंबऱ्यात उभा राहूनच म्हणालो, "बर्फ आहे. उघडा."

तोमो उठला. माझ्याजवळ आला, माझ्या खांद्यावरून एक दाणा उचलला आणि अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला, सावकाश, पाच वर्षांचा असताना दाबायचा तसा. मग बोटं मला दाखवली. "भुगा झाला," तो म्हणाला.

"बर्फ आहे," मी पुन्हा म्हणालो. "मी म्हणतो ना."

"कण्या आहेत, बाबा. तुम्हीच शिकवलंत."

मला वाटलं, संपलं. त्याने मला माझीच शिक्षा परत दिली, आणि ती मला मिळायलाच हवी होती. मी खाली बसलो. तेव्हा फुमिए पडवीतून म्हणाली, "बर्फ असो नाहीतर कण्या असोत, तोमो, ये आणि दगड उचल. मला उचलत नाही. आणि तेवढं सांगून टाक आता त्यांना."

"आई, राहू दे."

"दगड उचलायचं बळ नाही राहिलं, तर हे कशाला उचलून धरू?" ती आत आली आणि माझ्यासमोर बसली. "अहो, त्या दिवशी आम्ही पिंप उघडलं होतं. तुम्ही वळणावरून दिसेनासे झालात आणि मीच दगड उचलला. पोरगं उद्या जाणार, त्याला काय मी आकाशाला विचारून वाढू? पडवीत उभ्या उभ्या खाल्लं आम्ही. कच्चंच होतं अजून. हसलोसुद्धा, तुमची नक्कल करून. मग मला रडू आलं, म्हणून दगड घाईघाईत ठेवला, तो उलटा बसला. सकाळी तुम्ही ओरडलात तेव्हा मला वाटलं, कळलं तुम्हाला. मग दुसऱ्या दिवशी वाटलं, नाही कळलं. मग किती वर्षं मी तुमच्या तोंडाकडे बघून तेच ठरवत बसले."

मी दगडाची चपटी बाजू डोळ्यांसमोर आणली. ती अजून तितकीच स्पष्ट होती. पाण्याचा ओघळसुद्धा आठवला, पिंपाच्या काठावरून फरशीवर आलेला, आणि त्याच्या शेजारी भाताची दोन शितं. सगळं मी पाहिलं होतं. "मग तू हिवाळ्यात का येत नव्हतास?" मी तोमोला विचारलं. "मला वाटायचं, मी तुला तसाच पाठवला म्हणून."

तो खाली बघत होता. "समोर बसून पिंपातलं खाताना, त्या दिवशी काही खाल्लंच नव्हतं असं दाखवावं लागलं असतं," तो म्हणाला. "तुमच्या डोळ्यांतून काही सुटत नाही असं वाटायचं मला. तुम्ही नुसतं बघितलं असतंत तरी मी बोललो असतो, आणि आई अडकली असती." मग तो म्हणाला, "तुमच्यासाठी एक फोड काढून ठेवली होती. वाटीत, वर बशी घालून. आल्यावर तुमच्या पुढे ठेवायची आणि सांगायचं असं ठरवलं होतं मी. जिन्यात बसून होतो. तुम्ही दार उघडलंत आणि आईला विचारलंत, किती वाजता थांबल्या."

"मग?"

"मग वर गेलो. सकाळी ती मीच घेऊन गेलो. गाडीत खाल्ली."

कौलांवरचा आवाज थांबला होता. किती वाजता थांबला ते माझ्या लक्षात आलं नाही. तोमो पडवीत गेला, दगड उचलून बाजूला ठेवला, आणि फुमिएने सांगितलं तशी वर पसरलेली सलगमची पानं बाजूला सारून तीन फोडी काढल्या. तिने माझ्या पानात आधी वाढलं. अजून मुरलं नव्हतं, दोन दिवस तरी हवे होते, सलगम दाताखाली करकर वाजत होता. तेव्हाही असाच लागला असेल. "कच्चं आहे ना?" फुमिएने विचारलं. "आहे," मी म्हणालो आणि दुसरी फोड मागितली. सत्तावीस वर्षं मी ज्याला उपाशी पाठवलं म्हणून झुरत होतो तो खाऊन गेला होता, आणि माझ्या वाटणीचंही खाऊन गेला होता, याचा मला आनंद झाला. आणि त्या घरात त्या संध्याकाळी हसू होतं, आणि मी तेव्हा मैदानात एका ढगाच्या पाया पडत होतो, याचं वाईट वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं.

साडेचार वाजता त्याला थांब्यापर्यंत सोडायला गेलो. बूट घातले. बसमध्ये चढताना तो म्हणाला, "नव्या वर्षाला येतो. पिंप पुरेल ना तोवर?" मी म्हणालो, "आंबेल." "आंबू दे," तो म्हणाला.

परत आलो आणि कपाटाच्या तळातून जुन्या वह्या काढल्या. वेधशाळेतल्या नोंदी मी रोज घरी येऊन माझ्या वहीत उतरवत असे, त्या अजून आहेत. ते वर्ष सापडलं, ते पान सापडलं. पाच वाजून चाळीस मिनिटं, कण्या, हलक्या. सहा वाजून दोन मिनिटं, थांबल्या. शेऱ्याचा रकाना कोरा होता. फुमिए भांडी आवरत होती, तिने दारातून पाहिलं आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. मी पेन उघडलं आणि त्या कोऱ्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: घरी पिंप उघडलं. निरीक्षक गैरहजर.